पेरते व्हा, पी कहाँ, चोख गेलो

मे महिन्याच्या अखेरीस रत्नागिरीच्या आसपासच्या कोणत्याही गावात पहाटे जाग आली, तर एक हाक हमखास कानावर पडते. आंब्याकाजूच्या बागेतून, कधी घरामागच्या फणसावरून पावशा ओरडत असतो. हाक तीन स्वरांची. ती पुन्हा पुन्हा येते, प्रत्येक वेळी थोड्या वरच्या पट्टीत, आणि चार-सहा फेऱ्यांनंतर एकदम तुटते. थोडा वेळ शांतता, की पुन्हा पहिल्यापासून सुरू. या सुमारास रोहिणी नक्षत्र लागलेले असते, भाजावळ उरकलेली असते, तरव्यासाठी भाताचे बियाणे काढून ठेवलेले असते. अशा वेळी शेतकऱ्याच्या कानाला ती हाक ‘पेरते व्हा’ अशी ऐकू आली नाही तरच नवल!

हा पक्षी दिसतो फार क्वचित. दिसला तरी पाहणारा फसतो, कारण राखाडी पाठ आणि पोटावरचे आडवे पट्टे यांमुळे तो थेट शिक्र्यासारखा दिसतो. त्याला ओळखायचे ते आवाजावरूनच. महाराष्ट्राबाहेरही लोकांनी त्याला असेच ओळखले आहे. हिंदी मुलखात तो ‘पी कहाँ’ विचारतो. बंगालमध्ये तो ‘चोख गेलो’, म्हणजे ‘डोळा गेला’, असे ओरडतो. उन्हाळ्याने हैराण झालेल्या इंग्रज साहेबांना त्याच हाकेत ‘ब्रेन फीवर’ ऐकू आले, म्हणजे मेंदूज्वर. ज्याला ज्याची काळजी, त्याला ते ऐकू आले असे म्हणून आपण हसून सोडून देतो. पण क्षणभर थांबून हे शब्द बोटांवर मोजून पाहू या. पेर्-ते-व्हा. पी-क-हाँ. चोख-गे-लो. ब्रेन-फी-वर. चारही ठिकाणी तीनच ठोके. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या लोकांनी अर्थ आपापल्या घरचा घातला, पण कोणीही दोन किंवा पाच ठोके ऐकले नाहीत. म्हणजे या बोलांमध्ये कल्पनेबरोबर थोडे मोजमापही आहे.

ऐकलेले टिपून ठेवायचे कसे, हा प्रश्न विज्ञानाला फार काळ सुटलेला नव्हता. रत्नागिरीचेच उदाहरण घेऊ. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील जॉर्ज विडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली पद्धतशीर यादी तयार केली. ती १८८० साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. हे नियतकालिक अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम चालवीत. पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ह्यूम ते हेच. त्या काळी पक्ष्यांची यादी करायची म्हणजे हातात बंदूक हवी. पक्षी मारायचा, कातडे सोलून आत कापूस भरायचा, पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी एवढी माहिती. पंख, चोच, शेपटी यांची मापे घ्यायची आणि पेटीत ओळीने मांडून ठेवायचे. ह्यूमने देशभरातून जमवलेला असा संग्रह १८८५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला दिला. त्यातील ७५ हजारांहून अधिक नग तेथे ठेवले गेले. एवढ्या पेट्या उघडल्या तरी त्यांतून एकही हाक ऐकू येणार नाही.

या मंडळींना कान नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. जर्डनच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’ या १८६०च्या दशकातील ग्रंथात पक्ष्यांची देशी नावे आवर्जून दिलेली आहेत, आणि त्या नावांमध्ये आवाज दडलेलेच असतात. साताऱ्याला जन्मलेला आणि कस्टम्स व मीठ खात्याच्या नोकरीत काही काळ रत्नागिरीतही राहिलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन, म्हणजे ‘एहा’, तर घराच्या आवारातल्या प्राण्यापक्ष्यांवरच लिहून प्रसिद्ध झाला. अडचण पुराव्याची होती. विडालने मोजलेला पंख शंभर वर्षांनी दुसऱ्या कोणी पुन्हा मोजला तर माप तेच येईल. पण विडालच्या कानावर पडलेली हाक दुसऱ्याला कशी तपासता येणार? जे दुसऱ्याला तपासता येत नाही, ते विज्ञानाच्या वहीत चढत नाही. म्हणून आवाज बाजूला राहिला.

तरीही नुसत्या कानाच्या बळावर किती दूर जाता येते, याचे एक जुने उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. सेलबोर्न नावाच्या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा एक धर्मोपदेशक राहत असे. बागेत आणि रानात बागडणारे हिरवट-पिवळसर चिमुकले पक्षी सगळे एकाच जातीचे, अशी तेव्हा सर्वसाधारण समजूत होती. दिसायला ते खरोखरच सारखे. व्हाइटने मात्र वर्षानुवर्षे तीच झाडे, तीच कुंपणे ऐकली होती. १७६८ साली त्याने एका पत्रात खात्रीने लिहिले, की या पक्ष्यांच्या तीन स्वतंत्र जाती आहेत आणि प्रत्येकीचा आवाज ठरलेला व वेगळा आहे. नंतर त्याने पक्षी हातात घेऊन फरक पडताळले. त्याची ही पत्रे १७८९ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिन्ही जाती आज मान्य आहेत. त्यांपैकी एकीचे इंग्रजी नावच तिच्या आवाजावरून ‘चिफचॅफ’ असे पडले आहे.

व्हाइटला हे जमले, कारण तो एकाच जागी राहिला आणि ऐकलेले लिहीत गेला. त्याच्याजवळ उपकरण असे एकच होते, ते म्हणजे शब्द. शब्द हे उपकरण तसे ओबडधोबड, पण आपण समजतो तितके नव्हे. मराठीपुरते बोलायचे तर मोल्सवर्थचा कोश चाळून पाहावा. १८३१ मध्ये निघालेला आणि १८५७ मध्ये वाढवून पुन्हा छापलेला हा कोश मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी मराठी शास्त्र्यांच्या मदतीने तयार केला. त्यात आवाजाचे अनुकरण करणारे शब्द पानोपानी भेटतात. लोकांच्या कानांनी शतकानुशतके केलेल्या या नोंदी आहेत.

या शब्दांची घडण बारकाईने पाहण्यासारखी आहे. धातूवर आघात झाला की मराठी कानाला ठण, खण, घण, झण असे ऐकू येते. शेवटी ‘ण’ का? कारण ‘ण’ हा अनुनासिक वर्ण. तो लांबवता येतो. घंटेचा नादही आघातानंतर हळूहळू विरत जातो. आता धप, थप, ठप्प, बद्द हे शब्द घ्या. यांच्या शेवटी तोंडातली हवा अडते आणि उच्चार तिथेच संपतो. गादीवर मारलेल्या थापेचा किंवा ओल्या मातीवर पडलेल्या नारळाचा आवाजही तिथेच संपतो, कारण कंपने लगेच जिरून जातात. सळसळ, झुळझुळ, खळखळ यांत सलग चालणारी क्रिया आहे, म्हणून ते शब्द जोडीनेच येतात. कुंभाराकडून मडके घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो. ‘ठण’ वाजले तर घेतो, ‘बद्’ वाजले तर तडा असणार म्हणून परत ठेवतो. फणस तयार झाला की नाही हेही कोकणात वाजवूनच ठरवतात. नळाखाली ठेवलेला हंडा भरत आला, हे आतल्या खोलीत बसलेल्या माणसाला न पाहता कळते. पाणी चढते तशी वरची हवेची पोकळी आखूड होत जाते आणि आवाजाची पट्टी वर जाते. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात हवेच्या स्तंभाचे अनुनाद शिकवताना हा हंडा फारसा भेटत नाही, याचे आम्हाला नेहमी आश्चर्य वाटते.

शब्दांची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. ज्या आवाजाशी तुलना करायची, तोच नाहीसा झाला तर शब्द मुका होतो. रत्नागिरीच्या भर दुपारच्या उन्हात वडा-पिंपळावरून ‘टुक टुक टुक’ असा एकसुरी ठोका ऐकू येतो. पक्षी चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळ आणि छाती लाल. मराठीत त्याचे नाव तांबट आणि इंग्रजीत ‘कॉपरस्मिथ’, म्हणजे पुन्हा तांबटच. इथे दोन्ही भाषांच्या कानांना एकच कारागीर आठवला! पण आजच्या विद्यार्थ्याने तांब्याच्या हंड्यावर पडणारी हातोडी ऐकलेली नसते. त्याला उलटे समजवावे लागते, की तांब्याची भांडी घडवणारे कारागीर या पक्ष्यासारखा आवाज करीत. दुसरीकडे, मुलांच्या निबंधांत झाडून सगळे पक्षी ‘किलबिलाट’ करतात. कावळासुद्धा!

आवाज पकडून ठेवणारे यंत्र एडिसनने १८७७ साली तयार केले. पक्ष्याचे, आजवर माहीत असलेले सर्वांत जुने ध्वनिमुद्रण १८८९ मधले आहे. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात लुडविग कॉख नावाच्या आठ वर्षांच्या मुलाने वडिलांनी आणून दिलेल्या फोनोग्राफवर मेणाच्या नळकांड्यावर ते केले. त्याने मुद्रित केलेला पक्षी पिंजऱ्यातला होता आणि तो युरोपातला नव्हता. तो होता श्यामा, भारत आणि आग्नेय आशियाच्या जंगलांतला गाणारा पक्षी. आपल्या सह्याद्रीच्या झाडीतही तो राहतो, आणि आपल्या परसातला दयाळ त्याचा जवळचा नातेवाईक. विडालची यादी निघून नऊच वर्षे झाली होती. हे काम एका शाळकरी पोराने केले, ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात सांगायला हरकत नाही. कॉख पुढे नाझींच्या छळामुळे १९३६ मध्ये इंग्लंडला गेला आणि बीबीसीवरून पक्ष्यांचे आवाज ऐकवणारा माणूस म्हणून घरोघरी ओळखला जाऊ लागला.

ध्वनिमुद्रणामुळे आवाज पुन्हा ऐकता येऊ लागला, पण पंखासारखा तो पट्टीने मोजता येत नव्हता. ती सोय दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाली. तेथे तयार झालेले ध्वनिचित्रक यंत्र युद्ध संपल्यावर जाहीर झाले. मूळ हेतू माणसाचे बोलणे डोळ्यांनी वाचता यावे हा. बहिऱ्यांना त्याचा उपयोग होईल अशीही आशा होती. या यंत्राच्या कागदावर डावीकडून उजवीकडे वेळ जातो, खालून वर वारंवारता वाढत जाते आणि आवाज जितका मोठा तितकी खूण काळी. पावशाच्या हाकेचे असे चित्र पाहिले तर तीन-तीन खुणांचे गट दिसतात आणि प्रत्येक गट आधीच्यापेक्षा थोडा वर, जणू जिन्याच्या पायऱ्याच. ‘पेरते व्हा’ या लिहिलेल्या शब्दांत ठोके आहेत, पण चढत जाणे नाही. मात्र गावातला एखादा म्हातारा ही हाक करून दाखवतो, तेव्हा तो प्रत्येक फेरीला आवाज चढवतोच. म्हणजे हे निरीक्षण लोकांजवळ होते; आपण ते लिहून घेताना सांडले.

केंब्रिजचे विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात हे यंत्र पक्ष्यांच्या अभ्यासाला लावले. चॅफिंच या गाणाऱ्या पक्ष्याची पिल्ले त्यांनी एकांतात वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण त्यांचे गाणे ओबडधोबड निघाले. बारकावे नव्हते, शेवटची लकेर नव्हती. ज्यांनी लहानपणी मोठ्यांचे गाणे ऐकले होते, ती मात्र पुढच्या वसंतात नीट गायली. गाणे पूर्ण व्हायला ऐकावे लागते, हे चित्रांवरून मोजून दाखवता आले.

आता आपल्या पावशाकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट नेमकी उलटी आहे. पावशा कोकिळेच्या कुळातला. तो स्वतः घरटे बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडे घालते. पिल्लू सातभाईंच्या कलकलाटात वाढते, त्यांच्याच चोचीतून खाते आणि मोठे झाल्यावर ‘पेरते व्हा’ म्हणते. ते कोणाकडून शिकलेले नसते. ही हाक उपजतच असते. उन्हाळ्यापासून पावसापर्यंत तो इतका का ओरडतो, याचेही उत्तर त्याच्या विणीत आहे. त्याची वीण सातभाईंच्या विणीशी जुळावी लागते. पेरणीचा आणि त्याचा हंगाम एकाच पावसाला बांधलेला, म्हणून शेतकऱ्याचे घड्याळ बरोबर चालत आले. त्याच कुळातल्या कोकिळेबद्दलही एक सांगायला हवे. आमराईत ‘कुहू’ करतो तो नर. मादीचा आवाज तुटक, ‘किक् किक्’ असा. गाणारी ‘कोकिळा’ कवितेत शोभते; बागेत तिला ऐकू जाल तर ती सापडणार नाही.

आवाज हा पुरावा म्हणून मान्य झाल्यावर काय घडू शकते, हे शेजारच्या श्रीलंकेत दिसले. तेथील पक्षिनिरीक्षक दीपाल वराकागोडा यांनी १९९५ मध्ये कितुलगलाच्या जंगलात रात्री एक अनोळखी हाक ऐकली. बेटावरच्या कोणत्याही माहीत असलेल्या पक्ष्याशी ती जुळेना. ते मागावर राहिले. २००१ मध्ये पक्षी अखेर दिसला आणि २००४ मध्ये घुबडाची एक नवी जाती म्हणून त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सहा वर्षे तो पक्षी केवळ एक आवाज होता. शतकभरापूर्वीच्या पद्धतीत अशा आवाजाला यादीत जागाच मिळाली नसती.

रत्नागिरीच्या जांभ्याच्या सड्यांवर रात्रीच्या आवाजांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. इथे टिटवी राहते. रात्री टिटवी ओरडली की कोणीतरी जाणार, अशी समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. पिंगळ्याबद्दलही तसेच बोलतात, आणि आजारी माणूस असलेल्या घरात त्या रात्री कोणाचा डोळा लागत नाही. या भीतीवर नुसते ‘ही अंधश्रद्धा आहे’ असे सांगून भागत नाही, असा आमचा अनुभव आहे. त्यापेक्षा मुलांना टिटवी दिवसा ऐकवावी. ती उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालते. कुत्रा, मुंगूस किंवा माणूस त्या बाजूला वळला की ती ओरडत उठते, आणि जवळ जावे तसा आवाज वाढत जातो. दहा मिनिटांत मुलांच्या लक्षात येते, की ती आपल्यालाच हाकलते आहे. रात्रीही तिला तेच करायचे असते. तेव्हा सड्यावरून कोणी तरी चालले असते, एवढेच. एकदा हे स्वतः ऐकलेल्या मुलीने घरी आजीला समजावून सांगितले, तर ते आपल्या व्याख्यानापेक्षा अधिक खोल जाते.

वर्गासाठी फार सामान लागत नाही. एक कागद, मध्यभागी फुली, ती फुली म्हणजे मी. पाच मिनिटे डोळे मिटून बसायचे, मग प्रत्येक आवाज ज्या दिशेला आणि जितक्या अंतरावर वाटला तिथे खूण करायची. नाव माहीत नसले तरी चालेल. खूण आवाजासारखी काढायची, तुटक असेल तर ठिपके, चढत असेल तर वर जाणारी रेघ. आम्ही काही शिक्षकांबरोबर हे करून पाहिले, तेव्हा पहिल्या मिनिटात सगळ्यांच्या कागदावर फक्त गाड्या आणि पंखा होता. तिसऱ्या मिनिटापासून पाने, मुंगळ्याने सरकवलेला सुका पाला, दूरची गाज उमटू लागली. मुलांनी काढलेल्या रेघा आणि यंत्राने काढलेली चित्रे शेजारी ठेवली, तर वारंवारता ही कल्पना फळ्यावर समजावण्याचे श्रम पुष्कळच वाचतात.

आता मोबाईलमध्ये पक्ष्याचा आवाज ओळखणारी अ‍ॅप आली आहेत. कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’मध्ये ही सोय २०२१ पासून आहे. हे अ‍ॅप आवाजाचे ध्वनिचित्र काढते आणि त्या चित्राची ठेवण ओळखते, म्हणजे थॉर्प यांचेच काम क्षणात करते. ते जरूर वापरावे. फक्त मुलांनी आधी आपली रेघ काढावी, आपला शब्द लिहावा आणि मग मोबाईल काढावा, एवढा क्रम आम्ही पाळतो. नाव आधी कळले की कान तिथेच थांबतो.

जूनच्या मध्यावर कोकणातल्या शाळा उघडतात, तेव्हा पावशा ओरडतच असतो. त्याची नोंद ठेवायला हा काळ उत्तम. रोज पहाटे हाक आली की नाही, किती फेऱ्या झाल्या, पाऊस होता का, इतके लिहिले तरी पुरे. मौसमातली पहिली हाक सगळ्या गावाच्या लक्षात राहते. शेवटची हाक ऐकताना मात्र ती शेवटची आहे हे कोणालाच माहीत नसते. श्रावणात मागे वळून वही पाहिली, की एका तारखेनंतरचे रकाने कोरे दिसतात, तेव्हा ते कळते.